नापास गाडीचा खर्च कोणी सोसायचा?

हवेच्या प्रदूषणावर बोलण्यासाठी आम्ही पारशिवनीच्या एका शाळेत गेलो होतो. पी.यू.सी. तपासणीत सायलेन्सरमध्ये नळी घालून काय मोजतात, हे सांगून झाले. तेव्हा अकरावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, गाडी फेल झाली तं दंड हाये. पन दुरुस्तीले पैसे कोन देते?’’ त्याचे वडील जुना ऑटो चालवतात. प्रश्न साधा, पण त्यामागे बराच इतिहास आहे.

आधी थोडे रसायनशास्त्र पाहू. पेट्रोल पूर्ण जळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. एअर फिल्टर तुंबला असेल तर दोष थोडक्या पैशांत दूर होतो. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑईल जळू लागले तर मात्र इंजिनच उघडावे लागते. म्हणजे गाडी जितकी जुनी तितका खर्च जास्त. आणि जुनी गाडी बहुधा कमी मिळकतीच्या घरातच असते.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी धुराला मर्यादा घातली. इंजिन जागेवर सुरू असताना पेट्रोलवरच्या दुचाकी-तीनचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ४.५ टक्के, तर चारचाकीसाठी ३ टक्के ठरले. २००४ मध्ये या मर्यादा अधिक कडक झाल्या. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातील दंड १०,००० रुपयांपर्यंत गेला.

डेन्व्हर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा धूर अवरक्त किरणांनी मोजण्याची पद्धत बसवली. तीतून दिसले, की सुमारे निम्मा कार्बन मोनॉक्साइड फक्त दहा टक्के गाड्या सोडतात. मग त्या थोड्या गाड्यांवरच पैसा खर्च करणे शहाणपणाचे नव्हे काय? १९९० मध्ये युनोकॅल या तेल कंपनीने लॉस एंजेलिस परिसरात १९७१ पूर्वीच्या गाड्या प्रत्येकी ७०० डॉलरला विकत घेऊन भंगारात काढल्या. अशा ८,००० हून अधिक गाड्या रस्त्यावरून गेल्या. पुढे कॅलिफोर्निया राज्याने तपासणीत नापास झालेल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी अल्प उत्पन्नाच्या मालकांना मदत देण्याची योजना आखली.

भारतात हा विषय न्यायालयामार्फत आला. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील जुन्या ऑटो-टॅक्सी बदलण्याचा आदेश दिला. १९९० नंतरच्या गाड्या बदलण्यासाठी आर्थिक सवलतींचा उल्लेखही त्यात होता. मुंबईत उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढे जुन्या टॅक्सींना गॅसवर जाणे भाग पडले. पेट्रोलपेक्षा गॅस स्वस्त पडत असल्याने किटचा खर्च हळूहळू भरून निघे. पण त्या वेळी गॅसची वाहिनी मुंबईत होती, पारशिवनीत नव्हती.

२०२१ मध्ये केंद्राने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र दाखवल्यास नव्या गाडीच्या करात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत, तर व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची त्यात तरतूद आहे. मात्र करातली ही सवलत नवी गाडी घेणाऱ्याच्या पदरात पडते. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना नवा ऑटो नको आहे. आहे तोच धड चालायला हवा आहे.

आम्हाला वाटते, स्वच्छ हवा सर्वांची असेल, तर तिचा खर्च एकट्या ऑटोवाल्याने का सोसावा? उलट बाजूही आहे : इंजिनची निगा न राखणाऱ्याला सर्वांच्या पैशातून मदत का द्यावी? शिक्षकांनी हे दोन्ही प्रश्न वर्गात मांडावेत. गावातल्या मेकॅनिककडून एअर फिल्टर साफ करण्याचा आणि इंजिन उघडण्याचा खर्च मुलांनी विचारून यावा, आणि मग वाद घालावा. आकडे हाती असले की वादाला दिशा मिळते.