प्रश्नचिन्हांच्या मागचं १९९७

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एक जुनं ॲप्लिकेशन माझ्या गळ्यात पडलं. तक्रार एका ओळीची होती: मराठीत भरलेली नावं स्क्रीनवर प्रश्नचिन्हं होऊन उमटतात. इतकी वर्षं नावं इंग्रजीतच भरली जायची, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नव्हतं. कोड उघडला तर पायथन! आणि तो चालत होता जावाच्या टॉमकॅट सर्व्हरवर. लिहिणारे केव्हाच कंपनी सोडून गेलेले.

ही सोयरीक १९९७ ची. म्हणजे जवळपास माझ्याच वयाची.

त्याआधी वेबवर सीजीआयचं राज्य होतं. प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची, उत्तर देऊन संपायची. गर्दी वाढली की सर्व्हर धापा टाकायचा. १९९७ मध्ये सन कंपनीने सर्व्हलेट आणलं. त्यात एकच ऑब्जेक्ट जिवंत राहतो आणि प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवर त्याच्याकडेच येते. त्याच वर्षी जिम ह्युगुनिनने जेपायथन लिहिलं. पायथनचा कोड जावाच्या बाइटकोडमध्ये बदलणारी ही भाषा २००० च्या सुमारास जायथन झाली.

या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे पायसर्व्हलेट. ब्राउझरने डॉट पीवाय फाइल मागितली की तो ती उचलतो, फाइलच्याच नावाचा क्लास शोधतो आणि त्याचा ऑब्जेक्ट बनवतो. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी गाडी अडते. पण सोय मोठी होती. जावात बदल केला की कंपाइल करा, पुन्हा डिप्लॉय करा; इथे फाइल सेव्ह करून पान रिफ्रेश केलं की झालं.

प्रश्नचिन्हांचं मूळही त्याच काळात सापडलं. कॅरेक्टर सेट सांगितला नाही तर सर्व्हलेट आयएसओ-८८५९-१ धरतो. हा संच पश्चिम युरोपीय भाषांचा. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह. उपाय एका ओळीचा: कंटेंट टाइपमध्ये यूटीएफ-८ लिहायचं, तेही रायटर मागण्याआधी. नंतर लिहिलं तर उपयोग शून्य.

ओळ लिहिली. प्रश्नचिन्हं तशीच! दोन तास गेले. पायसर्व्हलेट फक्त मुख्य फाइलची वेळ तपासतो, आणि माझा बदल होता इम्पोर्ट केलेल्या मदतनीस फाइलमध्ये. तिची जुनी प्रत मेमरीत ठाण मांडून होती. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर नावं उमटली.

मग दोन ब्राउझरमधून एकाच वेळी तपासलं आणि पोटात गोळा आला. एकाच्या पावतीवर दुसऱ्याचं नाव! कुणीतरी नाव सेल्फमध्ये ठेवलं होतं. सीजीआयमध्ये हे खपलं असतं, कारण तिथे प्रत्येकाला वेगळी प्रोसेस. इथे ऑब्जेक्ट एकच, थ्रेड अनेक. नाव लोकल व्हेरिएबलमध्ये हलवलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. हा दोष कुणी कळवलाच नव्हता.

जायथनचा पुढचा प्रवास रखडतच झाला. २.१ आवृत्ती २००१ च्या अखेरीस आली, २.२ थेट २००७ मध्ये. ह्युगुनिन तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये, डॉटनेटवरच्या आयर्नपायथनवर काम करत होता. २००८ मध्ये सनने जायथनसाठी माणसं नेमली, पण २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. २.७ आली २०१५ मध्ये. १ जानेवारी २०२० ला मूळ पायथन २ चा आधार संपला; जायथन मात्र २.७ वरच आहे. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेटच्या पॅकेजचं 'जावाएक्स' हे नाव जाऊन 'जकार्ता' आलं, त्यामुळे जुना पायसर्व्हलेट तिथे जसाच्या तसा चालत नाही.

आमचं ॲप्लिकेशन अजून टॉमकॅट ९ वर आहे. नव्याने लिहायचं ठरलंय, तारीख ठरत नाहीये. तोवर मी कोडच्या डोक्यावर तीन ओळींची कॉमेंट लिहून ठेवलीये: यूटीएफ-८ आधी सांगा, मदतनीस फाइल बदलली तर रीस्टार्ट करा, सेल्फमध्ये कुणाचंही नाव ठेवू नका. माझ्यानंतर ज्याच्या गळ्यात हे पडेल, त्याचे दोन तास तरी वाचतील.