स्वादुपिंडातली गाठ: पण कुठली?

मुंबईहून घोटीमार्गे त्र्यंबकेश्वरला जाताना इगतपुरी लागतं. याच तालुक्यात इरफान खानचं घर होतं. मार्च 2018 मध्ये त्याने 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' झाल्याचं जाहीर केलं आणि 'न्यूरो' वाचून अनेकांनी दुखणं थेट मेंदूत नेलं! 2020 मध्ये तो गेला. स्टीव्ह जॉब्सची स्वादुपिंडातली गाठही याच कुळातली. सापडली 2003 मध्ये, तो गेला 2011 मध्ये. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये आठ वर्षं फार थोड्यांना मिळतात. हा फरक कशाने पडतो?

1869 मध्ये लांगरहान्सला स्वादुपिंडात पेशींची बेटं दिसली. 1921 मध्ये टोरोंटोत त्यांतलं इन्सुलिन हाती आलं. पण हीच बेटं बेफाम झाली तर? आपल्या भाषेत, थांबायची अटच नसलेला लूप. साखर घसरते; घाम, थरथर, बरळणं, कधी फिट. घरच्यांना वाटतं, वेड लागलं.

1927 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये अशा एका रुग्णाचं पोट उघडलं, तर गाठ यकृतात पसरलेली. इलाज खुंटला. दोनच वर्षांनी टोरोंटोत रॉस्को ग्रॅहमने अशी गाठ काढली आणि बाई बऱ्या झाल्या. 1930 च्या दशकात व्हिपलने तीन खुणा सांगितल्या: उपाशीपोटी त्रास, तेव्हाच रक्तात साखर कमी, साखर देताच आराम. निदान आजही इथूनच सुरू होतं. इन्सुलिनच्या दहांतल्या साधारण नऊ गाठी साध्या असतात. काढल्या की बहुतेकदा विषय संपला.

गॅस्ट्रिन बनवणारी गाठ (1955) जास्त खट्याळ. आम्ल इतकं वाढायचं की अल्सर थांबवायला अख्खं जठर काढत. आता आम्ल गोळ्यांनी आवरतं, पण यांतल्या निम्म्याहून जास्त गाठी पसरणाऱ्या असतात.

पसरलेल्या गाठींसाठी 1980 च्या दशकात ऑक्ट्रिओटाइड आलं. ते पेशीवरच्या ठराविक कुलुपात बसून हॉर्मोन आवरतं. पुढची युक्ती झकास: त्याच किल्लीला किरणोत्सारी ल्युटेशियम-177 बांधायचं, म्हणजे मारा नेमका गाठीवर. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही उपचारपद्धती वापरतात. पसरलेली गाठ याने सहसा समूळ जात नाही. पण अनेकांची वाढ बराच काळ थांबते.

तेव्हा कुणाच्या रिपोर्टवर 'स्वादुपिंड' दिसलं तर लगेच हाय खाऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ कुठल्या पेशींची, ग्रेड किती, पसरली आहे का? पुढची वर्षं बरीचशी या उत्तरांवर ठरतात.

असो. पुन्हा भेटू पुढच्या वीकेंडला.