टेंभुर्णीचे कुळ

'जपानी फळ' म्हणून जे पर्सिमन हल्ली मोठ्या शहरांतल्या फळवाल्यांकडे दिसते, त्याची चुलत बहीण यवतमाळच्या रानात पूर्वापार उभी आहे. तिला नावे दोन: रानात टेंभुर्णी, लिलावात तेंदू. दोन्ही एकाच मुळाची असावीत असे सहज वाटते. मला ते पटत नाही.

तेंदूचे सोपे आहे. संस्कृत तिंदुक, त्यातला 'क' गळून हिंदी तेंदू. मराठीत तो बिडीच्या व्यापाराबरोबर आलेला दिसतो. 'तेंदूपत्ता'तला पत्ताच ते सांगतो, नाहीतर आपण पान म्हटले असते. (बिडीही तशीच. वीटिकेपासून मराठीत विडा झाला, विडी झाली, 'ब' हिंदीकडचा.) वैद्यकग्रंथकार शार्ङ्गधराने कर्ष या वजनाचे जे पर्याय दिले आहेत त्यांत तिंदुकही आहे. कर्ष म्हणजे साधारण तोळाभर. हे वजन ताज्या फळाचे की सुकलेल्या, ते ज्याने त्याने तराजूवर पाहावे.

पण तिंदुकातून टेंभुर्णी कशी निघणार? 'द'चा 'भ' होण्याची वाट दिसत नाही आणि 'र' कुठून आला तेही कळत नाही. उलट पालीत तिंबरू आहे, गुजरातीत टिमरू आहे, मध्य प्रदेशात टिमरनी नावाचे गावच आहे. आरंभीच्या 'त'चा 'ट' होणे प्राकृताला नवे नाही. तगराचा टगर होतो असे बाराव्या शतकात हेमचंद्राने नोंदवले आहे. आता दक्षिणेकडे वळा. तेलुगूत तुनिकी किंवा तुमिकी, कन्नडात तुमरी, तमिळमध्ये तुंबी, गोंडीतही तुमरीच्या जवळचे रूप. पांढरकवडा-घाटंजीच्या पट्ट्यात गोंडी, कोलामी आणि तेलुगू मराठीच्या शेजारी नांदतात. तेव्हा मूळ द्राविडी असावे आणि तिंबरू हे त्याचे प्राकृत वळण असावे. 'भ'चा उलगडा मात्र होत नाही, कारण उंबराचा उंभर झालेला नाही. टेंभ्याशी, म्हणजे मशालीशी, नाते जोडण्याचा मोह होतो. त्यातून अमरकोशात तिंदुकाला स्फूर्जक, म्हणजे तडतडणारा, असेही नाव आहे आणि हे लाकूड जळताना ठिणग्या उडवते! तरी नुसत्या नादसाम्यावर टेंभा मिरवू नये. आगरकरांचे टेंभू, सोलापूरकडचे टेंभुर्णी या गावांची नावे या झाडावरून पडली असावीत एवढे मात्र म्हणता येईल.

अमरकोशात आणखी एक गंमत आहे. तिथले दुसरे नाव कालस्कंध, काळ्या खोडाचा. १७९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने या झाडाला 'मेलॅनोझायलॉन' हे नाव दिले तेही ग्रीकमधले 'काळे लाकूड'च. अमरसिंह त्याला ठाऊक होता की नाही, कोण जाणे. झाड पाहून दोघांनाही तेच सुचले.

आता पर्सिमनकडे वळू. त्याचे फारसी नाव खुरमालू. यातला खुर्मा आपल्या ओळखीचा आहे, कारण शीरखुर्मा म्हणजे दूध-खजूर. आलू म्हणजे बटाटा नव्हे, अलुबुखाऱ्यातला आणि जर्दाळूतला आलू. खजूर-आलू असे हे जोडनाव आधी इराणकडच्या लहान रानटी जातीचे असावे, मोठ्या जपानी काकीला, म्हणजे आजच्या पर्सिमनला, ते मागाहून लागलेले दिसते.

कुणाला काकी लावायचीच असेल तर फुयू जातीचे कलम घ्यावे. ते फळ कडक असतानाच खाता येते, हाचियासारखे लिबलिबीत होण्याची वाट पाहावी लागत नाही. (कलम म्हणजे अरबी लेखणी, त्याआधी ग्रीक कालामोस, बोरू. तिरकस छाटलेली फांदी आणि तासलेला बोरू शेजारी ठेवले की अर्थ कसा सरकला ते दिसते. कायद्याचे कलम लेखणीकडून आले असावे.) पण काकीला हिवाळ्यात थंडी लागते, ती कुलूकडे रमते. यवतमाळच्या मे महिन्यात तिची पाने करपणार. माझा कौल टेंभुर्णीला. आळे करावे (संस्कृत आलवाल) आणि बी थेट त्यातच टोचावे. सोटमूळ खोल जाते, पिशवीतले रोप मग रुसते. बिया चार-सहा लावाव्यात. नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने एकट्या झाडाला फळ धरेलच असे नाही.

उन्हाळ्यात फळ पिवळे होते, देठाशी निदलांची टोपी तशीच राहते. कच्चे चावले तर जीभ टाळूला चिकटते. या चवीला संस्कृतात तुवर म्हणतात. आपले तुरट त्यातूनच आलेले दिसते. आणि कपाशीच्या तासांमधली तूर ही तुवरी. तुवर आणि तुमरी यांचेही काही लागते का? तुमरीतला 'म' आड येतो. कोलामी जाणणाऱ्या कुणीतरी हे तपासावे.