ॲडिक्टिव्ह

ॲडिक्टिव्ह : अमेरिकन गायिका ट्रूथ हर्ट्स हिचे २००२ मधले पदार्पणाचे सिंगल. हिपहॉपच्या अंगाने जाणारे आर अँड बी गीत. निर्माता डीजे क्विक, मधला रॅप राकिमचा, कंपनी डॉ. ड्रेची आफ्टरमाथ. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ते नवव्या आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. लक्षात राहिले ते मात्र लता मंगेशकरांच्या आवाजामुळे.

हा आवाज ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्यातला. संगीत बप्पी लाहिरींचे, शब्द आनंद बक्षींचे, पडद्यावर अरुणा इराणी. क्विकनेच सांगितले आहे, की एका सकाळी टीव्हीवर हिंदी वाहिनी लागली, गाण्याने पकडले आणि त्याने ते तिथल्या तिथे व्हीसीआरवर टिपून घेतले.

सॅम्पलिंग, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून नव्या गाण्यात फिरवत ठेवणे, हा हिपहॉपचा पायाच. पण पुष्कळदा तुकडा लहान असतो : ड्रमचा ठेका, बेसची एखादी सुरावट. क्विकने लताबाईंचा स्वर शब्दांसकट उघडा ठेवला आणि खाली जड बेस व ठेका भरला. ट्रूथ हर्ट्स गाते तेव्हाही तो स्वर मागे हटत नाही. सॅम्पल काढून घेतले तर या गाण्यात फारसे काही उरत नाही, हे उघड आहे.

श्रेयनामावलीत लाहिरींचे नाव नव्हते. सारेगामा ही ध्वनिमुद्रण कंपनी आणि लाहिरी, दोघेही अमेरिकेत कोर्टात गेले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरींचे नाव दिल्याशिवाय हे गाणे असलेला ‘ट्रुथफुली स्पीकिंग’ हा अल्बम विकायला मनाई केली. (‘डिस्को डान्सर’मधल्या ‘ऑवा ऑवा’साठी बगल्स या ब्रिटिश जोडीची चाल उचलणारे लाहिरी या वेळी फिर्यादी होते, ही गंमत नोंदवायलाच हवी.)

पुढे डाव उलटला. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचे हक्क भारतीय कायद्यानुसार निर्मात्या प्रमोद फिल्म्सचे ठरले, त्यामुळे लाहिरींचा दावा टिकला नाही. त्यांच्या वकिलावर बसलेला सुमारे अडीच लाख डॉलरचा भुर्दंड २०१० मध्ये अपील न्यायालयानेही कायम ठेवला.

मुंबईने तोवर वाट पाहिली नव्हती. २००२ मध्येच रीमिक्सकार हॅरी आनंदने ‘थोडा रेशम लगता है’ हेच गाणे नव्या गायिकेकडून गाऊन घेऊन ‘कलियों का चमन’ या नावाने बाजारात आणले. अभिनेत्री मेघना नायडूच्या व्हिडिओमुळे ते गाजले. त्याचा ठेका क्विकच्या वळणाचा होता.