लाखेवर कोरलेला जॅझ

ज्या संगीताला पोथी नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा? आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याविषयी आपण वाचतो, शिष्यांच्या गळ्यांवरून त्याचा अदमास बांधतो. परंतु खुद्द बुवांचा आवाज ऐकवील अशी तबकडी आपल्यापाशी नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरालाही असाच एक सल आहे. तिथे बडी बोल्डन नावाचा कृष्णवर्णीय वादक कॉर्नेट वाजवीत असे. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचे धाकटे भावंड. जॅझचा आद्यपुरुष म्हणून अनेक जण त्याचे नाव घेतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि १९३१ साली तो तिथेच वारला. त्याने एकदा मेणाच्या नळकांड्यावर आपले वादन मुद्रित करवले होते, असे सांगतात. ते नळकांडे कोणाच्याही हाती लागलेले नाही.

बोल्डननंतरच्या पिढीचे नशीब थोडे बरे. तिचे वादन तबकड्यांवर उतरले. पण उतरले म्हणजे टिकले, असे मात्र नव्हे. आज आपण ज्याला जॅझचा इतिहास म्हणतो, त्यातला मोठा भाग कंपन्यांनी जपलेला नाही. एकमेकांना तबकड्या ऐकवणाऱ्या, त्यांची अदलाबदल करणाऱ्या आणि त्यांवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या हौशी मंडळींनी तो जपला आहे. त्यांची ही गोष्ट आहे. ती गोड आहेच, पण तिला एक कडू बाजूही आहे.

जॅझची पहिली मानली गेलेली तबकडी १९१७ सालच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला मुद्रित झाली. वाजवणारे पाचही जण गोरे होते. ज्यांच्या वस्तीत हे संगीत वाढले, त्या कृष्णवर्णीयांच्या वाद्यवृंदांना मुद्रणाची संधी मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली. १९२३ सालच्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हर आपला ताफा घेऊन इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेला. तिथे पियानोच्या कारखान्याच्या आवारात जेनेट कंपनीचे मुद्रणघर होते. ते रुळांच्या इतके जवळ, की गाडी आली म्हणजे मुद्रण थांबवावे लागे. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. सर्वांनी एका कर्ण्यापुढे उभे राहून वाजवायचे. ताफ्यात दुसरा कॉर्नेट वाजवणारा एकवीस वर्षांचा एक पोरगा होता. त्याचा आवाज एवढा दणदणीत, की त्याला इतरांपासून बराच दूर उभे करावे लागले, अशी आठवण सांगतात. तो पोरगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. ‘चाइम्स ब्लूज’ ह्या तबकडीत त्याचे पहिले मुद्रित एकलवादन आहे. गंमत अशी, की ह्याच जेनेट कंपनीने कृष्णवर्णीयांच्या हाडवैरी असलेल्या कू क्लक्स क्लॅन संघटनेच्या तबकड्याही पैसे घेऊन छापून दिल्या. व्यापाराला कान नसतात, असे म्हणतात ते खोटे नव्हे.

ह्या तबकड्या कशाच्या असत? लाख, दगडाची पूड आणि काजळी ह्यांच्या. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या जंगलांतल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून गोळा होऊन जगभर जात असे. आपल्या आज्यांच्या हातांतल्या बांगड्या आणि आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट ह्यांचे असे नाते आहे. लाखेचे घर पेट घेते, हे महाभारताने सांगूनच ठेवले आहे. लाखेची तबकडी हातून निसटली की फुटते, हे ग्रामोफोन असलेल्या प्रत्येक घराने अनुभवले आहे.

ह्या संगीताच्या नाशाला मात्र आगीची गरज पडली नाही. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या तबकड्यांना कंपन्या ‘रेस रेकॉर्ड’ म्हणत. त्या माल म्हणून निघत आणि माल म्हणूनच विकल्या जात. ह्या धंद्यातली पॅरामाउंट कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटे बनवू लागला, आणि कपाटे खपावीत म्हणून तबकड्याही काढू लागला. ज्या मालकांना संगीत हा फर्निचरचा जोडधंदा वाटत होता, त्यांनी ते पुढल्या पिढ्यांसाठी जपावे ही अपेक्षाच चुकीची. मग मंदी आली. अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या वर तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली तो आकडा साठ लाखांच्या आसपास आला. पॅरामाउंटने मुद्रण थांबवले. ज्यांवरून तबकड्या छापायच्या, ते धातूचे साचे भंगारात गेले. पुढे युद्धात पूर्वेकडून येणाऱ्या लाखेचा तुटवडा पडला. १९४२ साली अमेरिकन सरकारने तिच्या वापरात मोठी कपात केली, आणि जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी गोळा होऊ लागल्या. कोणता अनमोल तुकडा त्या कढईत गेला, ह्याचा हिशेब कोण देणार?

ह्याच पडत्या काळात संग्राहक पुढे आले. न्यूयॉर्कला मिल्ट गेबलर नावाचा तरुण वडिलांच्या रेडिओच्या दुकानात बसे. त्या कमोडोर दुकानात जॅझचे वेडे जमू लागले. मागणी आहे आणि माल नाही, हे पाहून गेबलरने कंपन्यांच्या गोदामांतले जुने साचे हुडकले आणि त्यांवरून थोड्या-थोड्या प्रती छापून घेतल्या. १९३५ साली येल विद्यापीठातला मार्शल स्टर्न्स वगैरे मंडळींबरोबर त्याने अमेरिकेतल्या ‘हॉट क्लबां’चा संघ उभा केला. त्या संघाच्या तबकड्यांवर एक नवी गोष्ट दिसली: वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव. तोवर तबकडीवर ताफ्याचे नाव असे, फार तर नायकाचे; ट्राँबोन कोणाचा, क्लॅरिनेट कोणाची, हे सांगण्याची कोणाला जरूर वाटली नव्हती.

मग ही नावे आली कोठून? कानांनी शोधून काढलेली. पॅरिसमध्ये शार्ल देलोने ह्याने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ हे पुस्तक काढले. कोणती तबकडी कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणाकोणाच्या साथीने मुद्रित झाली, ह्याची ती सूची. शेकडो तबकड्या पुन्हापुन्हा ऐकून, म्हाताऱ्या वादकांना विचारून, समुद्रापार पत्रे धाडून ती तयार झाली. संग्राहक तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेले आकडे भिंग लावून वाचू लागले. कारण एकच गत वादक दोनदा-तीनदा मुद्रित करीत, आणि दर खेपेला एकलवादन निराळे होई. आपल्याला हे नवल वाटायचे कारण नाही. तोच राग, तीच चीज. पण कालच्या बैठकीतली आणि आजच्या बैठकीतली एकच, असे कोण म्हणेल?

आम्ही पाच-सहा मित्रही महिन्यातून एकदा तबकड्या घेऊन जमतो. तिथला एक अनुभव सांगतो. जी तबकडी मी घरी एकट्याने वीस वेळा ऐकलेली असते, तीच चौघांत लावली की निराळी ऐकू येते. एकजण म्हणतो, “थांबा, तो दुसरा कॉर्नेट ऐकलात का?” आणि तोवर जो सूर गर्दीत होता, तो एकदम पुढे येतो. ऐकणे ही सामुदायिक गोष्ट आहे, असे माझे मत त्या खोलीत बनले. जॅझच्या सूचींमधला पुष्कळ मजकूर अशाच खोल्यांतल्या वादांतून आलेला आहे.

आता कडू बाजू. कंपन्यांनी टाकून दिलेल्या तबकड्या संग्राहकांना मिळाल्या कोठे? जुन्या बाजारांत मिळाल्या, हे खरे. परंतु पुष्कळशा मिळाल्या त्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, दारोदार हिंडून. ज्या घरांनी विसाच्या दशकात पाऊण डॉलर मोजून त्या घेतल्या होत्या, लग्नाकार्यांत वाजवल्या होत्या आणि मंदीतही फेकल्या नव्हत्या, त्या घरांनीच त्या राखल्या होत्या. दाराशी आलेला गोरा तरुण थोडीशी चिल्लर हातावर ठेवी आणि थप्पी उचलून नेई. तबकडीला पुढे मोल आले. राखणाऱ्या हातांचे नाव कोणत्याही सूचीत चढले नाही.

खुद्द वादकांचेही तसेच. देलोनेचे पुस्तक निघाले, तेव्हा किंग ऑलिव्हर जिवंत होता. हिरड्यांच्या आणि दातांच्या विकाराने त्याचे वादन सुटले होते. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी तो बिलियर्ड खेळायच्या एका अड्ड्यात झाडलोट करून पोट भरीत होता. त्याच्या १९२३ सालच्या तबकड्यांसाठी संग्राहक जीव टाकत असताना, १९३८ सालच्या एप्रिलमध्ये तो तिथे वारला. त्याने अखेरच्या काळात बहिणीला लिहिलेली पत्रे १९३९ साली ‘जॅझमेन’ ह्या ग्रंथात छापून आली. इतिहासकार त्याच्या दारी पोचले, पण उशिरा.

त्याच ग्रंथाच्या निमित्ताने न्यू आयबेरिया गावच्या बंक जॉन्सन नावाच्या जुन्या वादकाशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्याचे दात पडलेले, ट्रंपेट गेलेला. संग्राहकांनी वर्गणी काढली. थोर वादक सिडनी बेशेचा भाऊ लेनर्ड दंतवैद्य होता. त्याने कवळी करून दिली. १९४२ साली बंक पुन्हा वाजू लागला, मुद्रित झाला. दात नसल्यामुळे एक थोर वादक झाडू मारीत मेला आणि दात मिळाल्यामुळे दुसरा पुन्हा उभा राहिला! फरक एवढाच, की एकाचा पत्ता वेळेवर लागला. बंकने मात्र श्रोत्यांना काय हवे ते ओळखले होते. आपला जन्म १८७९ चा, आपण बोल्डनबरोबर वाजवले, असे तो सांगे. पुढल्या संशोधकांच्या मते त्याने वयात दहाएक वर्षे भर घातली असावी. प्रेमाने विचारलेल्या प्रश्नाला प्रेमाचे उत्तर मिळते. ते खरे असतेच असे नाही.

तरीही ह्या वेड्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. स्टर्न्सच्या सहवासात तयार झालेला जॉर्ज अवाक्यान १९४० साली येलचा विद्यार्थी असतानाच कोलंबिया कंपनीसाठी जुने साचे चाळू लागला, आणि आर्मस्ट्राँगची कधीच प्रसिद्ध न झालेली मुद्रणे त्याला सापडली. कंपनीच्या घरातला ठेवा कंपनीला ठाऊक नव्हता. एका पोराला ठाऊक झाला. स्टर्न्सने १९५२ साली जॅझच्या अभ्यासाची संस्था काढली आणि १९६६ साली ती रटगर्स विद्यापीठात गेली. ऑलिव्हरच्या ‘झुलूज बॉल’ ह्या तबकडीची एकच प्रत आजवर आढळल्याचे संग्राहकांत सांगितले जाते. ती एक प्रत कोणी कुलपात ठेवून मिरवली असती, तर ती गत बोल्डनच्या नळकांड्याच्या वाटेने गेली असती. तिच्यावरून नव्या तबकड्या निघाल्या म्हणून आज ती कोणालाही ऐकता येते.

ह्या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यातला क्रिकेट स्मिथ १९१३-१४ साली, म्हणजे त्या ‘पहिल्या’ जॅझ तबकडीच्याही आधी, न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात मुद्रित झालेला. १९३६ साली त्याने मुंबईत आपल्या ताफ्यासह तबकड्या काढल्या; त्यांतली एक ‘ताजमहाल’ नावाची. १९२६ साली शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच तबकडीवर वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड मुंबईत राहिला, युद्धकाळात कलकत्त्यात मुद्रित झाला आणि १९४५ साली तिथेच पटकीने गेला. त्यांच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या संगीतामागे उभा असलेला, चिक चॉकलेट नावाने गाजलेला अंतोनियो झेवियर वाझ हा त्याच वातावरणातला. नरेश फर्नांडिस ह्यांनी हा इतिहास २०१२ साली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ह्या ग्रंथात मांडला, तो अशा दुर्मीळ तबकड्या कोणी तरी राखल्या होत्या म्हणूनच अधिक बोलका झाला. मुंबईतच १९९० साली भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. म्हणजे हे वेड आपल्यालाही परके नाही.

दिवाळीच्या साफसफाईत पुष्कळ घरांच्या माळ्यांवरून अजूनही कधीमधी जुन्या तबकड्या खाली येतात. कागदी पाकिटे फाटलेली, नावे पुसट झालेली. त्या विकाव्यात की ठेवाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझी विनंती एवढीच: देण्याआधी घरातल्या वडील माणसाला विचारा, ही कोणी आणली, कोणत्या साली, आणि कोण ऐकत असे. आणि ते पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा. गेबलरने वाजवणाऱ्यांची नावे छापली. राखणाऱ्यांची नावे लिहायची अजून राहिली आहेत.