होलोकॉस्टमधील मातृत्व आणि कुटुंबाची ताटातूट : डॉ. गिझेला पर्ल यांच्या जीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
नाझी जर्मनी व तिच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या वंशसंहाराच्या अभ्यासात मृतांची संख्या व राजकीय निर्णय यांना साहजिकच प्राधान्य मिळते. त्या यंत्रणेत मातृत्व हेच मृत्यूचे कारण कसे ठरले, याचा विचार प्रस्तुत निबंधात डॉ. गिझेला पर्ल यांच्या जीवनाच्या आधारे केला आहे.

फलाटावरील निवड :
१९ मार्च १९४४ रोजी जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतला. १५ मे ते ९ जुलै या अवघ्या आठ आठवड्यांत सुमारे ४,४०,००० ज्यूंना तेथून हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्यांना ऑश्विट्झ-बिर्केनाउ येथे नेण्यात आले. रेल्वेच्या फलाटावर श्रमक्षम व्यक्ती वेगळ्या काढल्या जात. लहान मुलांचा मृत्यू ठरलेलाच असे. मात्र आईच्या कुशीतून मूल ओढून घेतल्यास गोंधळ माजून काम खोळंबेल, म्हणून सशक्त तरुण मातेलाही मुलासोबत विषारी वायूच्या कोठडीकडे धाडले जाई. गर्भवती स्त्रियांनाही हेच भोगावे लागे. परिणामी, लहान मुलाची आई बहुधा मुलापासून दुरावली तरच वाचण्याची शक्यता उरे.

डॉ. पर्ल यांचा अनुभव :
१९०७ साली जन्मलेल्या डॉ. पर्ल या सिगेट या गावातील स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. हे गाव १९४४ मध्ये हंगेरीच्या ताब्यात होते. आज ते रुमानियात आहे. हद्दपारीपूर्वी त्यांनी आपल्या मुलीला एका ज्यूेतर कुटुंबाकडे लपवून ठेवले. पती व मुलगा यांची मात्र ऑश्विट्झनंतर पुन्हा भेट झाली नाही. छावणीत त्यांना कैदी डॉक्टर म्हणून राबविण्यात आले. गर्भारपण उघड होणे म्हणजे मृत्यू, हे ध्यानी येताच औषधे व उपकरणे नसताना त्यांनी अनेक स्त्रियांचे गर्भपात गुप्तपणे केले. नवे जीव जगात आणणाऱ्या हातांना मातेच्या प्राणांसाठी हे करावे लागले.

१५ एप्रिल १९४५ रोजी बेर्गन-बेल्सन छावणी मुक्त झाली, तेव्हा त्या तेथे होत्या. पती व मुलगा हयात नसल्याचे समजल्यावर त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. १९४८ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पुन्हा प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय केला. लपविलेली मुलगी वाचली होती. उत्तरायुष्य तिच्यासमवेत इस्रायलमध्ये व्यतीत करून १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप :
मुलीचा हात वेळीच सोडल्यामुळे ती वाचली. मुलांचा हात न सोडलेल्या असंख्य माता त्यांच्यासह मारल्या गेल्या. यांपैकी कोणाचाही निर्णय चुकीचा ठरविता येत नाही, कारण निवडीचे स्वातंत्र्य कोणालाच नव्हते. 'वाचलेल्यां'च्या यादीत व्यक्तीची नोंद होते, तुटलेल्या कुटुंबाची होत नाही. इतिहासकाराने ही उणीव ध्यानात घेऊनच अशा यादीचे वाचन करणे आवश्यक आहे.