खत घालूनही अनंताची पानं पिवळी का पडतात?

नर्सरीतून आणलेला अनंत काही महिने छान फुलतो. मग नवी पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात. झाड उपाशी आहे असं समजून आणखी खत घातलं जातं आणि ते अधिकच खंगतं. अनेकदा कमतरता खताची नसते, बिघडलेला असतो तो मातीचा सामू.

सामू म्हणजे काय?
सामू, म्हणजेच पीएच, हे मातीची आम्लता मोजण्याचं माप. 7 च्या खाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. अनंताला साधारण 5 ते 6 सामू मानवतो. एक्झोरा, अझेलिया, कॅमेलिया आणि ब्लूबेरीही आम्लप्रेमीच. सामू 7 च्या वर गेला की मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही.

सामू वाढतो कशामुळे?
बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार कुंडीत साचत जातात. चुनखडीयुक्त काळी माती मुळातच विम्लधर्मी असते. कोकणातली जांभ्याची लाल माती मात्र आम्लधर्मी.

ओळखायचं कसं?
नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची कमतरता असते. माती सतत चिकचिकीत असेल तर आधी पाण्याचा निचरा तपासा.

काय द्यायचं?
• चिलेटेड लोह: लवकर फरक दिसतो. माती विम्लधर्मी असेल तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीए अशा मातीत टिकत नाही.
• अमोनियम सल्फेट: नत्र देतं आणि सामूही उतरवतं. पाण्यात विरघळवून, ओल्या मातीतच द्या. कुंडीत माती थोडी असते, त्यामुळे पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा.
• गंधक: जिवाणूंमार्फत काम करतं, त्यामुळे परिणामाला अनेक आठवडे लागतात.
• पावसाचं पाणी: जमेल तेवढं साठवून वापरा.

काय टाळायचं?
राख, चुना आणि अंड्याची टरफलं सामू वाढवतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही नको. त्यात क्षार अधिक दाट असतात. वापरलेली कॉफी पूड जवळपास उदासीन असते, तर लिंबू-व्हिनेगरचा परिणाम तात्पुरता.

आधीच पिवळी पडलेली जुनी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. उपाय लागू पडतोय का, हे नव्या पालवीवरून ठरवा. आणि पुढचं खत घालण्याआधी एकदा सामू मोजा. त्यासाठीच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात.